शेवटची लेंडी कधी?

फोनवरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी हेच विचारलं.
ना नाव, ना वजन, ना पत्ता.
"शेवटची लेंडी कधी?"

केमीच्या औषधदुकानात एकोणीस वर्षं
मी गोळ्या मोजते, पाच-पाचाच्या ओळीत.
त्या रात्री मला एक वेळ सांगता येईना.

ससा नऊ आठवड्यांचा. नाव पूरो, म्हणजे लापशी.
रंगही तसाच, दूध जरा जास्त झालेला.
नाव वेइक्कानं ठेवलं. वेइक्का तेरा वर्षांचा,
घरात "हं" आणि "नको" एवढंच बोलतो.
सशाशी मात्र कुजबुजतो, दार लावून.

पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात काहीतरी सापडलं:
काळंभोर, चकचकीत,
द्राक्षांचा इवला घड जणू, वासाला उग्र.
जुलाब, म्हटलं मी. कागदात उचललं, फेकलं,
हात दोनदा धुतले.
शेजारच्या हिल्याबाई हसता हसता खुर्चीत टेकल्या.
"अगं राइला, न्याहारी फेकलीस की त्याची!
पहाटे तो स्वतःच खाली तोंड घालून ती खातो,
जमिनीला लागू देत नाही.
एखादी राहिली तर राहू दे, पोर शिकतंय.
रोज राहायला लागली, तर ताट बघ त्याचं."
त्यांच्या लहानपणी ससे खुराड्यात असत
आणि रविवारी रश्श्यात.
"मोजत नव्हतो आम्ही. पण बघायचो.
माणूस बरा आहे म्हणतो आणि नसतो.
लेंडीला ते जमत नाही."

मग मीही बघायला लागले.
वाटाण्याहून धाकटी, गोल, कोरडी,
चुरली तर आत नुसतं गवत,
जुलैच्या न संपणाऱ्या उन्हात वाळलेलं.
केसात ओवून माळ झाली, म्हणजे आज विंचरायचं.
बारीक होत चालली, म्हणजे गवत कमी, लाड जास्त.
वहीत लिहायचे. वेइक्का म्हणायचा, "आई, शी."

आणि डिसेंबरात त्यानं केळं दिलं.
अख्खं नाही, म्हणाला. अर्ध्याहून थोडं जास्त.
वर आल्याचं बिस्कीट.
संध्याकाळी पूरो अंग आवळून बसला,
पोटात धोंडा सांभाळत बसावं तसा.
गवताला पाठ. दात करकर.
खालचा कागद कोरा.

"आणा," बाई म्हणाल्या, "आत्ता. सकाळी नाही.
उबेत ठेवा. मनाने काही पाजू नका."

ओउलू शंभर किलोमीटर. बर्फ आडवा येत होता.
मागच्या सीटवर गरम पाण्याची पिशवी, टोपली,
आणि टोपलीवर वाकलेला वेइक्का.
सिमोचा पूल गेल्यावर तो बोलायला लागला.
शाळेत डबा कुठे बसून खातो ते.
कुणाशेजारी नाही ते.
"घरी आलो की हा पिंजऱ्याशी उभा असतो.
काहीतरी द्यावंसं वाटलं."
मी आरशात पाहिलं नाही. वायपर बघत राहिले.
किती महिने झाले असतील, तेही विचारलं नाही.
वही तर माझ्याकडे नव्हतीच त्याची.

बाईंनी दोन बोटांनी पोट चाचपलं,
कान लावून ऐकलं बराच वेळ.
"आतडं झोपलंय. उठेल बहुधा."
कातडीखाली सलाइन, दुखण्याचं इंजेक्शन,
पिचकारीनं हिरवा रांधा, घरीही द्यायला, थोडा थोडा.

चारला परत आलो. दिवा लावला नाही.
दोघं फरशीवर, भिंतीला पाठ टेकून.
पूरोनं गवताची एक काडी ओढली, टाकली,
पुन्हा ओढली.

पाच चाळीसला एक.
मिरीएवढी, वाकडी, एका टोकाला शेपूट.
वेइक्कानं ती तळहातावर घेतली,
तोच, जो शी म्हणायचा.
पेन्सिल मागितली, आणि वहीत स्वतः लिहिलं.
सातला आणखी दोन, एकमेकींना चिकटलेल्या.

उजाडायला साडेदहा होतात इथे.
त्याआधीच मी दुकानात फोन केला, आज येत नाही.
कारण विचारलं. खरं सांगितलं.
पलीकडे जरा शांतता.
मग आमच्या कडक मालकीणबाई म्हणाल्या,
"किती झाल्या?"